आधी मूठ, मग बोट



नेमबाजी प्रशिक्षकांच्या परिषदेत अध्यक्षानं खेळाच्या भवितव्यावर बोलावं, असा रिवाज आहे. मी मात्र जेमतेम तीन इंचांच्या जागेवर बोलणार आहे. ती जागा पिस्तुलाच्या ग्रिपच्या पाठीपासून ट्रिगरपर्यंतची.

कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८च्या आशियाई खेळांत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. नेमबाजीत तिथं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. तिचं नाव घेत बारा-तेरा वर्षांच्या मुली आपल्याकडे येतात आणि आपण त्यांच्या हाती क्लबचं पिस्तूल देतो. त्याची ग्रिप बहुधा मीडियम, एखाद्या बाप्याच्या पंजाला बेतलेली. मुलीचं बोट ट्रिगरपर्यंत पोचत नाही. मग ती मूठच पुढे सरकवते. पिस्तुलाची पाठ अंगठा-तर्जनीच्या बेचकीतून निसटून अंगठ्याच्या बुडाशी जाते; नळी आणि हात एका रेषेत राहत नाहीत. एवढं करूनही ट्रिगरला लागतं ते बोटाचं निव्वळ टोक. दाब सरळ मागे न येता बाजूला जातो आणि उजव्या हाताच्या नेमबाजाचे छर्रे डावीकडे पडू लागतात.

आपण लगेच ओरडतो, ‘बोट नीट ठेव!’ ठेवणार कुठून?

हिशेब करून पाहा. एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा, आणि पिस्तूल साधारण किलोभर. म्हणजे हातातल्या वजनाच्या निम्मा जोर त्या एका पेरातून जातो. दोन साइटमधलं अंतर ३५० मिलिमीटर धरलं, तर ट्रिगर दाबताना फ्रंट साइट एक मिलिमीटर सरकली की दहा मीटरवर छर्रा सुमारे २८ मिलिमीटर सरकतो. दहाच्या मधोमध जाणारा छर्रा थेट सातात. मुलीचा नेम चांगलाच होता. तो चुकवला ग्रिपच्या लाकडानं.

‘हात वाढेल तसं जमेल’ हे वाक्य मला आपल्या रेंजवरून हद्दपार करायचं आहे. हात वाढतो, पण तोवर वाकडी मूठ अंगवळणी पडलेली असते. ती मोडायला लागणारी मेहनत ग्रिप बदलण्याच्या खर्चापेक्षा कितीतरी महाग.

म्हणून आधी मूठ तपासा. रिकामं पिस्तूल, डोळे मिटलेले, हात नेहमीसारखा उचललेला; मग डोळे उघडायला सांगा. फ्रंट साइट दर वेळी खाचेच्या एकाच बाजूला दिसत असेल, तर ग्रिप हाताला बसलेली नाही. साइटचे स्क्रू फिरवून ही खोड जात नाही. स्मॉल किंवा एक्स्ट्रा स्मॉल ग्रिप मिळते, ती लावा. ट्रिगरची पाती मागे घेता येते. अ‍ॅलन कीचं दोन मिनिटांचं काम, पण कित्येक पिस्तुलांवर ती कारखान्यातून आली तिथंच असते. बेचकी बसते तिथलं लाकूड कानशीनं थोडं थोडं उतरवा, पोकळ वाटेल तिथं पुट्टी भरा. पाम शेल्फ, म्हणजे ग्रिपवरचा तळव्याखालचा आधार, हाताला टेकेल एवढीच वर घ्या. मात्र ती ग्रिपशी ९० अंशांपेक्षा कमी कोनात वळवाल, तर इक्विपमेंट कंट्रोलवाले पिस्तूल परत पाठवतील. मनगटही मोकळंच हवं.

एवढं झालं की बोटाचा प्रश्न बराचसा सुटतो. टोकाच्या पेराची गादी पातीवर, पेर नळीला काटकोनात, आणि बोटाचा उरलेला भाग ग्रिपपासून सुटा. ती फट दिसत नसेल, तर बोट दाबताना लाकडालाही ढकलतं. २५ मीटरला ट्रिगर एक किलोचा आणि रॅपिड फेरीत प्रत्येक गोळीला तीन सेकंद. तिथं हा दोष लपतच नाही.

पोलीस दलातल्या भगिनींची अडचण वेगळी. ईशापूरच्या नऊ एमएम पिस्तुलाच्या मुठीत तेरा गोळ्यांचं मॅगझिन असतं, त्यामुळे तासायला फारसं काही उरत नाही. तिथं पातळ पट्ट्या लावाव्या लागतात आणि थोडी तडजोडही पत्करावी लागते.

परिषदेपुढे माझा ठराव असा: प्रत्येक क्लबनं नवं पिस्तूल घेताना सोबत एक लहान ग्रिप घ्यावी, आणि प्रशिक्षकांच्या अभ्यासक्रमात ग्रिप बसवण्याचं प्रात्यक्षिक सक्तीचं असावं. दुपारच्या सत्रात कानस, पुट्टी आणि पॉलिश पेपर घेऊन बसू. येताना पिस्तुलं रिकामी आणि सेफ्टी फ्लॅग लावलेली आणा.