युद्धकालीन वार्तापट आणि आपल्या शिपायांची नावे
(सूर्यमाळ येथील ज्ञातिमेळाव्यात दिलेले व्याख्यान)



सूर्यमाळच्या पठारावर आम्ही समुद्रकिनाऱ्यावर उतरणाऱ्या फौजांविषयी बोलणार, याचे काहींस नवल वाटेल. परंतु दुसऱ्या महायुद्धात हे उतरण्याचे शिक्षण आपल्या महाराष्ट्रात समुद्राप्रमाणेच एका डोंगरवेढ्या तलावावरही दिले गेले. तो तलाव पुण्याजवळच्या खडकवासल्याचा. धरण म्हणजे काय हे मोखाड्याच्या लोकांस सांगावयास नको. वैतरणेचे पाणी आपल्या दऱ्यांत अडते आणि तहान मुंबईची भागते.

खडकवासल्याच्या उत्तर तीरावर ‘अँगोस्टुरा’ नावाचे एक नकली जहाज सरावासाठी होते. जहाजाच्या उंच कडेवरून दोरांच्या जाळीने, पाठीवर ओझे आणि जवळ बंदूक घेऊन उतरावयाचे, खाली सपाट तळाच्या होडीत गर्दी न करता बसावयाचे आणि पुढची फळी पडताच किनाऱ्याकडे धावावयाचे, हा अशा शिक्षणाचा गाभा. एका लहान होडीत सुमारे ३५ शिपाई मावत. तलावास भरती-ओहोटी नसते, म्हणून हा केवळ पहिला धडा. पुढचा धडा खाऱ्या पाण्यावर, मुंबईजवळच्या मढ बेटासारख्या ठिकाणी घ्यावा लागे.

अशा सरावांची दृश्ये दोस्तराष्ट्रांच्या वार्तापटांत लोकांस दाखवीत. आपल्याकडे सरकारने १९४३ साली ‘इंडियन न्यूज परेड’ हा वार्तापट काढला. सरकारमान्य पट प्रत्येक खेळात दाखविण्याची चित्रपटगृहांवर सक्ती होती. भाषा पाच होत्या: इंग्रजी, हिंदुस्थानी, बंगाली, तामिळ व तेलुगू. मराठी त्यांत नव्हती. ज्या मुलखातून पलटणीच्या पलटणी उभ्या राहिल्या, त्या मुलखाच्या मातांस आपल्या मुलांची हकीकत परभाषेत ऐकावी लागली.

त्या वेळी राष्ट्राचे नेते तुरुंगात होते आणि बंगालात लक्षावधी माणसे अन्नावाचून मरत होती. अशा काळी सरकारी पटाकडे लोक संशयाने पाहत, यात आश्चर्य नाही. १९४६ साली मध्यवर्ती विधिमंडळाने पैसा नाकारला आणि तो वार्तापट बंद पडला.

सरकारचा हेतू काहीही असो, पडद्यावरचा शिपाई खोटा नव्हता. सरावाच्या चित्रात होडी वेळेवर लागते, फळी पडते, सर्वजण धावतात. प्रत्यक्षात तसे घडेच असे नाही. १९४५ च्या जानेवारीत आराकान किनाऱ्यावर अक्याब व रामरी येथे हिंदी फौजा उतरल्या. त्या मोहिमेतील २५ व्या हिंदी डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची पलटण होती. २ मे रोजी रंगूनजवळ उतरावयाचे झाले, तेव्हा शत्रू शहर सोडून गेला होता. ९ सप्टेंबरला मलायातील मोरिब किनाऱ्यावर फौज उतरली. जपान आधीच शरण आला होता, तरीही कित्येक गाड्या चिखलात रुतल्या. समोर तोफा असत्या तर काय झाले असते, याचा विचार आपण करावा.

आमचे म्हणणे एवढेच आहे. युद्धकाळात गुप्ततेसाठी पलटणीचे व ठिकाणाचे नाव पुष्कळदा गाळले जाई आणि साध्या शिपायाचे नाव तर क्वचितच कोणी सांगे. त्यांतील कित्येक फिती लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममध्ये जतन केलेल्या आहेत. खडकवासल्यास १९४९ साली राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला बसली आणि त्या तीरावर स्वतंत्र देशाचे अधिकारी घडू लागले. चित्र टिकले, स्थळही टिकले, पण जाळीवरून उतरणारा तो मुलगा कोणाचा, हे फीत सांगू शकत नाही. ते घरच सांगू शकते.

म्हणून ज्ञातिबंधूंस आमची विनंती आहे. ज्यांच्या घरातून कोणी त्या युद्धात गेला असेल, त्यांनी ट्रंकेतील पदक, पेन्शनचा कागद, जुने पत्र बाहेर काढावे. नाव, गाव, पलटण, कोठे गेला, परत आला की नाही, आणि मागे राहिलेल्यांनी दिवस कसे काढले, एवढे साध्या शब्दांत लिहून मंडळाकडे द्यावे. त्या पिढीचे आता फारच थोडे उरले आहेत. त्यांच्याविषयी ऐकलेलेही आता वृद्ध होत आहेत. आपल्या स्मरणिकेत वर्गणीदारांची यादी दरवर्षी छापली जाते. तिच्या शेजारी ही दुसरी यादीही छापली जावी.