कारस्थान रंगतं कशानं?

रहस्यपट म्हटला, की खून कुणी केला, हा प्रश्न आपण मनात धरून बसतो. पण रहस्यपटांच्या घराण्यात एक शाखा अशी आहे, की तिथं खुनी कोण हे कधी कधी अर्ध्या वाटेवरच कळतं. खरा प्रश्न पुढे असतो : हे आता सांगायचं कुणाला? पोलिसांना सांगावं, तर पोलीसच सामील. वरिष्ठांना सांगावं, तर हुकूम तिथूनच सुटलेला. अशा चित्रपटांना आपण कारस्थानपट म्हणू.

अमेरिकेत १९७०च्या दशकात या शाखेला बहर आला. केनेडी यांची १९६३मधली हत्या, व्हिएतनामचं युद्ध आणि मग वॉटरगेट, यांनी तिथल्या सामान्य माणसाचा सरकारवरचा विश्वास पार खिळखिळा केला होता. रॉबर्ट रेडफर्ड आणि जीन हॅकमन हे या चित्रपटांचे दोन ठळक चेहरे. दोघंही २०२५ साली गेले. त्या निमित्तानं मी यातले काही चित्रपट पुन्हा ओळीनं पाहिले. काही आजही ताजे वाटले, काहींचा रंग उडाला होता. असं का व्हावं, याबद्दल आज बोलणार आहे. ओघात काही शेवट सांगावे लागतील, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

मला वाटतं, कारस्थान किती मोठं आहे यावर हा चित्रपट उभा राहत नाही. ते उलगडताना नायकाला किती कष्ट पडतात, यावर तो उभा राहतो.

कोस्टा-गाव्हरास यांचा १९६९चा ‘झेड’ घ्या. ग्रीसमधले खासदार लाम्ब्राकिस यांची १९६३ साली हत्या झाली. तिच्यावर वासिलिस वासिलिकोस यांनी कादंबरी लिहिली आणि त्या कादंबरीवरून हा चित्रपट निघाला. (त्याच कादंबरीवर दिबाकर बॅनर्जी यांनी २०१२ साली हिंदीत ‘शांघाय’ काढला, तो तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल.) चित्रपटात खून अपघात म्हणून खपवायचा घाट घातलेला असतो. चौकशी करणारा तरुण न्यायदंडाधिकारी काही शूरवीर नाही. तो शांतपणे प्रश्न विचारतो, उत्तरं नोंदवून घेतो. आणि मग त्याच्या ध्यानात येतं, की वेगवेगळ्या माणसांच्या जबानीत वाघाची तीच एक उपमा येते आहे. सगळ्यांना नेमकी एकच उपमा कशी सुचली? साक्ष पढवलेली आहे, हे तिथं उघडं पडतं. पिस्तूल नाही, पाठलाग नाही. तरी अंगावर काटा येतो.

‘ऑल द प्रेसिडेंट्स मेन’ची गंमत आणखी वेगळी. निक्सन यांनी १९७४ साली राजीनामा दिला आणि चित्रपट आला १९७६ साली. म्हणजे शेवट साऱ्या जगाला ठाऊक. तरीही आपण खुर्चीला खिळून राहतो. दोन वार्ताहर वॉशिंग्टनच्या ग्रंथालयात बसून पुस्तकं मागवल्याच्या चिठ्ठ्या एकेक करून चाळतात. कॅमेरा वर वर जात थेट घुमटापाशी पोचतो आणि खाली ती दोन माणसं ठिपक्याएवढी होतात. एवढं करून हाती काय लागतं? काहीच नाही. पुढे तर त्यांची एक बातमी अंगलट येते. मूळ संशय रास्त असतो, पण साक्षीदारानं ज्युरीपुढे ती गोष्ट सांगितलेलीच नसते. नायकही चुकतो हे दिग्दर्शक अॅलन पाकुला लपवत नाहीत, म्हणूनच त्याचं खरं ठरणं आपल्याला पटतं.

कोपोला यांचा १९७४चा ‘द कॉन्व्हर्सेशन’ याच्याही पुढे जातो. हॅकमननं रंगवलेला हॅरी कॉल हा दुसऱ्यांचं बोलणं चोरून टिपणारा वाकबगार तंत्रज्ञ. भर चौकातल्या गर्दीत फिरणाऱ्या एका जोडप्याचं संभाषण तो टिपतो, पुन्हा पुन्हा ऐकतो आणि त्या दोघांच्या जिवाला धोका आहे, असं समजून बसतो. ध्वनिफितीतलं वाक्य त्यानं अचूक टिपलेलं असतं. पण वाक्यातला जोर नेमका कुठल्या शब्दावर आहे, तेवढ्यानं बळी कोण आणि खुनी कोण, हे उलटंपालटं होतं. कानांवर जगणारा माणूस ऐकण्यातच फसतो.

आता फसलेलं उदाहरण. ‘कॅप्रिकॉर्न वन’ अमेरिकेत १९७८ साली लागला आणि चाललाही. कल्पना झकास : मंगळावर उतरल्याचं नाटक स्टुडिओत चित्रित करायचं आणि जगाला दाखवायचं. परतताना यान जळालं असं जाहीर होतं, म्हणजे नाटकात भाग घेतलेल्या तीन अंतराळवीरांना जिवंत राहायची सोयच उरत नाही. इथपर्यंत आपण श्वास रोखून असतो. पण मग पुरावा गोळा करण्याचं काम मागं पडतं आणि हेलिकॉप्टर विरुद्ध फवारणीचं विमान असा पाठलाग सुरू होतो. ज्यांना सगळं गुपचूप उरकायचं आहे, तेच एवढी आरडाओरड कशी करतील? भीती ओसरते आणि उरते ती कसरत.

रेडफर्डचा १९७५चा ‘थ्री डेज ऑफ द कॉन्डॉर’ही मध्येच लडखडतो. जिला त्यानं बंदुकीच्या धाकानं ओलीस धरलं, ती तरुणी फारच लवकर त्याच्या प्रेमात पडते. पण शेवट त्याला सावरतो. सगळी हकिगत आपण वर्तमानपत्राला दिली आहे, असं नायक सांगतो. ते छापतील याची खात्री काय, असा उलट प्रश्न येतो आणि चित्रपट तिथंच थांबतो. सगळे गुन्हेगार गजाआड गेले, असं दाखवलं असतं तर आपण निवांत घरी गेलो असतो. कारस्थान सर्वशक्तिमान आहे, असं दाखवलं असतं तरीही निवांतच गेलो असतो, कारण मग आपण करण्यासारखं काही उरतच नाही.

हे सारं आज सांगावंसं वाटतं, कारण रोज सकाळी आपल्या मोबाइलवर एखादं तरी कारस्थान येऊन पडलेलं असतं. ते सगळंच खोटं असतं, असं मी म्हणणार नाही. वॉटरगेटही खरंच होतं. पण ते खरं ठरलं ते कुणीतरी दारोदार हिंडलं, दारं तोंडावर आपटून घेतली, एक साक्षीदार पुरेसा नाही म्हणून दुसरा शोधला, यामुळे. वाईट कारस्थानपट आपल्याला सांगतो, की तुझा संशय खराच आहे. चांगला कारस्थानपट विचारतो, की बाबा रे, तुला हे कळलं कसं? पुढच्या वेळी असा एखादा चित्रपट पाहाल, तेव्हा नायक हा प्रश्न स्वतःला किती वेळा विचारतो, तेवढं जरूर मोजा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)