सल्ल्याला जामीनदार कोण?

(आपल्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललो तसाच ठेवला आहे. दोन-तीन आकडे घरी जाऊन पुन्हा तपासून घेतले, एवढाच फरक.)



सेक्रेटरींनी मला ‘निरोगी ज्येष्ठत्व’ असा विषय दिला. मी म्हटलं, साहेब, मी बँकेत ३६ वर्षं काढली, त्यातली निम्मी कर्जविभागात. निरोगी कसं राहावं ते मला ठाऊक नाही, कर्ज कसं बुडतं ते विचारा. ते म्हणाले, “अहो, तुम्ही सात किलो वजन उतरवलंत, तेच सांगा.” मग ठरवलं की तेच सांगायचं, पण पूर्ण सांगायचं. त्या सात किलोंची जाहिरात मी याच इमारतीत भरपूर केली आहे. उरलेला हिशोब द्यायचा राहिला होता.

डिसेंबर २०२३ मध्ये माझं वजन ७८ किलो भरलं. उंची पाच फूट पाच इंच. कंबर १०२ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांसाठी कंबरेची मर्यादा ९० धरतात आणि बायकांसाठी ८०, हे मला तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, वजन कमी करा, चाला, सहा महिन्यांनी दाखवा. कसं कमी करायचं हे विचारायला मी तोंड उघडलं, तोवर पुढचा पेशंट आत आला होता.

मग काय, सल्ल्याला तोटा नव्हता. तुम्हीही सगळ्यांनी दिलात, आभारी आहे! आपल्या कट्ट्यावर तर २०१८ पासून दोन पक्षच होते. एक डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा: दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा. दुसरा ऋजुता दिवेकरांचा: दर दोन तासांनी थोडं थोडं खा, घरचं खा, तूप खा. दोन्हीकडे बारीक झालेली माणसं होती, दोन्हीकडे शपथेवर सांगणारी होती. निवडणुकीत एवढी भांडणं झाली नसतील. एका घरात तर सासू ५५ मिनिटंवाली आणि सून दोन तासवाली. ओट्यावर दिवसभर काहीतरी शिजतच असायचं.

मी काय केलं? एकही पंथ धड वाचला नाही. इकडून थोडं, तिकडून थोडं, तीन मोबाइलवरचे मेसेज आणि मेहुण्याचा अनुभव, अशी स्वतःचीच खिचडी बनवली. रात्रीचं जेवण बंद, त्याऐवजी पेलाभर ताक. भात बंद, साखर बंद. सकाळी टेकडी. चार महिन्यांत वजन ७१ वर आलं. पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. आमच्या सौ. म्हणाल्या, चेहरा उतरलाय. मी म्हटलं, चेहराच नाही, कोलेस्टेरॉलही उतरलंय.

यशासारखं डोक्यात जाणारं दुसरं काही नाही. मी त्या खिचडीचा एक पानी कागद केला, टाइप करून घेतला, सूचनाफलकावर लावला आणि अकरा जणांना प्रती वाटल्या. खाली माझं नाव, फ्लॅट नंबर आणि ‘स्वानुभव’ हा शब्द.

त्या अकरांतले एक म्हणजे बी विंगमधले माझे जुने स्नेही. ते आज इथेच बसले आहेत. ही हकिगत सांगू का, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, “नाव घेऊ नका, बाकी बेलाशक सांगा.” त्यांना अकरा वर्षांपासून मधुमेह. सकाळ-संध्याकाळ गोळी. माझ्यापेक्षा शिस्तीचा माणूस. कागद हातात पडल्यावर दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रात्रीचं जेवण सोडलं. संध्याकाळची गोळी मात्र सवयीने घेत राहिले. कागदावर गोळीबद्दल काहीच नव्हतं ना!

मे २०२४ ची गोष्ट. रात्री साडेनऊच्या सुमारास आम्ही दोघं पार्किंगमध्ये शतपावली करत होतो. ते मध्येच थांबले. शर्ट घामाने चिंब. मला त्यांच्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारायला लागले. मी आपला म्हणतोय, उकाडा फार आहे, बसा थोडं. नशीब असं की ए विंगमधली, नर्सिंग शिकणारी आपली मुलगी तेवढ्यात कामावरून परतली. तिने एक नजर टाकली, धावत वर जाऊन यंत्र आणलं, बोटाला टोचलं. साखर ४६. सत्तरच्या खाली गेली की कमी धरतात. शुद्धीवर होते, गिळता येत होतं, म्हणून तिने तीन चमचे साखर पाण्यात घोळवून पाजली आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा, हेही तिनेच सांगितलं. त्या गोळीचा असर बराच वेळ राहतो म्हणून त्यांना रात्रभर दवाखान्यात ठेवलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, “गोळी घेऊन जेवण सोडायचं, हे कोणी सांगितलं?”

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. काही बोलल्या नाहीत.

घरी आलो तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते. झोप येणं शक्य नव्हतं. ज्या मजकुरांवरून कागद केला होता ते सगळे काढून बसलो. त्यातल्या एकात शेवटी स्पष्ट लिहिलं होतं की मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे सुरू करू नये. ते मी वाचलेलं होतं, आणि कागद एका पानात बसावा म्हणून गाळलेलं होतं. ज्या माणसाने आयुष्यभर कर्जदारांना बजावलं की बारीक अक्षरातलं वाचल्याशिवाय सही करू नका, त्याने हे केलं.

बँकेत आम्ही सर्वांत जास्त कोणाला घाबरायचो? कर्जदाराला नाही. भल्या मनाच्या जामीनदाराला. त्याला वाटतं, सहीच तर करायची आहे. मी अकरा जणांना जामीन राहिलो होतो, आणि माझ्याकडे तारण काय, तर एक पट्टा, नव्या भोकांचा.

नंतर मी जुन्या सवयीने इन्स्पेक्शनला निघालो. अकराही घरी जाऊन विचारलं, काय झालं त्या कागदाचं? तीन जणांचं वजन खरंच उतरलं होतं, आणि ते तिघं सगळ्यांना सांगत होते. चौघांनी पंधरा दिवसांत सोडलं होतं. एकांना पित्ताचा त्रास झाला. दोघांनी सुरूच केलं नव्हतं, “तुम्हाला वाईट वाटेल म्हणून हो म्हटलं” असं म्हणाले. आणि एक आमचे स्नेही. म्हणजे कट्ट्यावर ऐकू येत होते फक्त तीन. फेडलेल्या कर्जांचीच यादी लावून शाखेचा अहवाल पाठवला तर हेड ऑफिस काय म्हणेल? पण आहाराच्या बाबतीत आपण तोच अहवाल खरा मानतो. फोटो आधीचा, फोटो नंतरचा. मधल्यांचा फोटो कोण काढतो?

मुलाच्या मदतीने मग थोडं वाचन केलं. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस्तोफर गार्डनर नावाच्या संशोधकाने ६०९ माणसांचे दोन गट केले. एका गटाने स्निग्ध पदार्थ कमी करायचे, दुसऱ्याने भात-भाकरी-साखर या वर्गातले. वर्षभर चाललं. निकाल २०१८ मध्ये आला: पहिल्या गटाचं सरासरी वजन ५.३ किलो उतरलं, दुसऱ्याचं ६. तो फरक मोजण्याजोगा नाही असं त्यांनीच लिहिलं. मला गंमत वाटली ती पुढच्या भागाची. दोन्ही गटांत कोणी तीसेक किलो उतरवले, तर कोणाचं वजन उलट आठ-दहा किलो वाढलं. आहार तोच, माणसं निराळी. आपले दोन्ही पक्ष खरं बोलत होते, असं म्हणायला हरकत नाही! चीनमधल्या ग्वांगझूला १३९ जणांवर असाच प्रयोग झाला, २०२२ मध्ये छापून आला. सगळ्यांनी खाणं सारखंच कमी केलं, पण निम्म्यांनी ते सकाळी आठ ते दुपारी चारच्या आतच खाल्लं. वर्षाअखेरीस घड्याळवाले ८ किलोंनी उतरले, बाकीचे ६.३ किलोंनी, आणि हाही फरक ठोस धरता आला नाही. उतरवणारी गोष्ट मुख्यतः कमी खाणं ही होती. घड्याळामुळे कोणाला कमी खाणं सोपं जात असेल तर जरूर पाळावं.

पण कर्जविभागातल्या माणसाने अजून एक ओळ वाचली. स्टॅनफर्डच्या प्रयोगात माणसं १८ ते ५० वयाची होती, आणि मधुमेह असलेल्यांना घेतलंच नव्हतं. म्हणजे मी नाही, आमचे स्नेही नाहीत, इथल्या पहिल्या चार रांगा नाहीत. एका शाखेची योजना दुसऱ्या शाखेला लावताना आम्ही आधी तिथला गिऱ्हाईक बघायचो.

तुपाचंही असंच. नव्वदच्या दशकात आमच्या घरातून तूप आणि अंड्याचा पिवळा बलक दोन्ही हद्दपार झाले. पुढे मेसेज आला की अमेरिकन सरकारने कोलेस्टेरॉलची मर्यादा उठवली, खा बिनधास्त. ते खरंच होतं, दिवसाला ३०० मिलिग्रॅमची अट त्यांच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेत राहिली नाही. पण त्याच पुस्तिकेत तूप-लोणी-साय या प्रकारच्या स्निग्धावरची मर्यादा कायम होती. ती ओळ मेसेजमध्ये नव्हती. गाळणारा मी एकटाच नाही तर.

दुधीच्या रसाबद्दल मात्र गंभीरपणे सांगतो, कारण इथे तीन-चार घरांत तो रोज निघतो. २०१० मध्ये दिल्लीतल्या एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीचा रस प्यायल्यावर मृत्यू झाला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेला त्यावर समिती नेमावी लागली. रस काढण्याआधी दुधीची फोड चाखा, कडू लागली तर फेकून द्या. ‘कडू तेवढं औषधी’ हे इथे चालत नाही. दहा हजार पावलांचा आकडा १९६५ च्या सुमारास एका जपानी पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावातून आला. तेव्हा सहा हजारांवर गुडघा बोलला तर त्याचं ऐका. लिंबू-मधाच्या पाण्याबद्दल इतकंच, की मोठ्या चमचाभर मधात साठेक कॅलरी असतात.

आता माझं स्वतःचं. त्या मे महिन्यानंतर लक्षात आलं की मला जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो. आपल्या इमारतीला लिफ्ट नाही, तिसऱ्या मजल्यापर्यंत मी दोनदा थांबतो. वजन तर कमी झालंय, मग? फिजिओथेरपिस्टबाईंनी खुर्चीवर बसवलं, हात छातीशी घडी, अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता बघू. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या पुरुषाला निदान १२ वेळा जमावं. मला जमले ८. त्या म्हणाल्या, “काका, सात किलोंमध्ये चरबी किती आणि स्नायू किती, हे मोजलं होतंत का?” मी वजनकाट्यापलीकडे काहीच मोजलं नव्हतं.

आपल्या पुण्याच्या रास्ता पेठेतल्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक फोटो छापला. ते आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्याला दोघे एकच. भारतीय अंगकाठीत चरबी कशी लपते ते दाखवायला त्यांनी स्वतःचंच शरीर मांडलं, हे मला फार आवडलं. मी काय केलं होतं ते त्या फोटोवरून समजलं. भांडवल मोडून लाभांश वाटला होता. ताळेबंद वरून छान दिसतो.

हल्ली रात्री जेवतो. लवकर आणि थोडं, पण जेवतो. भात आहे, मूठभर. वरण दाट, कारण ३० ग्रॅम डाळीत जेमतेम सात ग्रॅम प्रथिनं असतात, आणि आमच्या वाटीत तेवढीही डाळ नसायची. दही, मूग, आठवड्यातून चार दिवस अंडं. मूत्रपिंडाचा त्रास असेल त्यांनी हे ऐकू नका, आपल्या डॉक्टरांना विचारा. पावडरचा डबा विकायला घरी आलेल्या गृहस्थांना मी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची मार्गदर्शिका दाखवली, तीत असे डबे टाळा म्हटलंय. ते परत आले नाहीत. रोज सकाळी खुर्चीवरून उठबस करतो, पाण्याच्या दोन बाटल्या हातात धरून. वजन ७१ चं ७३ झालंय. उठबस १३ झाली आहे. एका वहीत दोन्ही मांडतो, दर रविवारी, त्यात खाडाखोड नाही.

कागद मी फलकावरून दुसऱ्याच दिवशी काढला. वाटलेल्या अकरापैकी नऊ प्रती परत मिळाल्या. दोन सापडत नाहीत असं सांगतात. कोणाच्या फ्रिजवर चिकटलेली असेल तर कृपया मला आणून द्या.

आमच्या स्नेह्यांच्या गोळ्या डॉक्टरांनी बदलून दिल्या. ते आता वेळेवर जेवतात आणि शतपावलीला माझ्याबरोबरच येतात. वहिनींनी त्यानंतर पहिल्यांदा चहाला बोलावलं ते दिवाळीत. चहात साखर किती घालू, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, तुम्ही घालाल तेवढी.

सेक्रेटरीसाहेब हाताने खूण करताहेत, वडे गार होताहेत म्हणून. मी एक घेणार आहे. कोणी किती घ्यावेत, ते मला विचारू नका.