परतीच्या विमानात विचारलेलं आडनाव

(बंगळूरूतील मारतहळ्ळी येथे मराठी भाषक आंबेडकरी तरुणांच्या रविवारच्या बैठकीत केलेले भाषण)



आत्ताच आपण सगळ्यांनी मिळून 'होमबाउंड' पाहिला. तेव्हा मीही परतीच्या प्रवासावरच बोलतो. आधी माझा प्रवास सांगतो, कारण त्यात मी एक गोष्ट लपवली होती.

आपल्यापैकी बरेच जण घरातले पहिले पदवीधर आहोत. घरात पासपोर्ट काढणारेही आपणच पहिले. कंपनीने मला काही महिने जर्मनीला पाठवलं होतं. फेब्रुवारीत बर्लिनचा चित्रपट महोत्सव असतो आणि तिथे साध्या प्रेक्षकालाही तिकीट काढून जाता येतं. २०१६ साली नागराज मंजुळेंचा 'सैराट' याच महोत्सवात दाखवला गेला होता. मला जायला तेवढं कारण पुरेसं होतं. दोन दिवस पोटभर सिनेमे पाहिले. शेजारच्या खुर्चीतली माणसं सिनेमा कसा वाटला ते विचारायची. मी कोण, कुणाचा, हे कुणी विचारलं नाही.

त्याच आठवड्यात परत निघालो. मध्ये विमान बदलायचं होतं. दुसऱ्या विमानात शेजारी एक मराठी गृहस्थ आले. खूप दिवसांनी मराठी ऐकून बरं वाटलं. पाचव्या मिनिटाला त्यांनी विचारलं, "गाव कुठलं?" गाव सांगितलं. "आणि आडनाव?" मी माझं नाव पुन्हा सांगितलं, त्याला वडिलांचं नाव जोडलं आणि आडनाव गिळलं. मग झोपेचं सोंग घेतलं. पासपोर्ट खिशातच होता, त्यावर आडनाव छापलेलं होतं. परक्या देशातल्या अधिकाऱ्यासमोर तो ठेवताना मला काहीच वाटलं नव्हतं. घर जवळ येऊ लागलं तशी भीती आली.

देवनहळ्ळीहून मारतहळ्ळीला येणाऱ्या बसमध्ये मला स्वतःची लाज वाटत होती. मग बाबासाहेबांचा परतीचा प्रवास आठवला.

१९१३ ला ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१६ ला लंडनला. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७ साली अभ्यास अर्धा सोडून परतावं लागलं. पहिलं महायुद्ध चालू होतं. ते मार्सेलहून 'कैसर-ए-हिंद' बोटीने निघाले. त्यांची पुस्तकं दुसऱ्या बोटीवर होती, ती बोट टॉर्पेडोने बुडवली. बाबासाहेब ऑगस्टमध्ये मुंबईला सुखरूप पोहोचले. पुढे नोकरीसाठी बडोद्याला गेले, तर राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी धर्मशाळेत खोली घेतली, आणि ती घेताना वहीत पारशी नाव नोंदवावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात आली. त्यांना खोली सोडावी लागली. रात्रीच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी कामाठी बागेत बसून काढला.

ही हकीकत आपण अनेकदा सांगतो. त्यातल्या त्या पारशी नावाजवळ मात्र आपण थांबत नाही. कोलंबियात शिकून आलेल्या माणसालाही डोक्यावर छप्पर हवं म्हणून नाव लपवावं लागलं. आणि हे आपल्याला कळलं कसं? त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवलं म्हणून. नाव लपवायला परिस्थितीने भाग पाडलं होतं. ते लिहून ठेवायचं मात्र त्यांनी स्वतः ठरवलं.

आता नीरज घायवान यांच्याकडे बघा. हैदराबादला वाढलेले, इंजिनिअर, एमबीए, आपल्यासारखेच कंपनीत नोकरी करणारे. नोकरी सोडून सिनेमात आले. २०१५ साली 'मसान' कान महोत्सवात गेला आणि दोन पुरस्कार घेऊन आला. २०२५ साली 'होमबाउंड' कानमध्ये त्याच विभागात दाखवला गेला. या माणसानेही आपली जात बरीच वर्षं लपवली होती, आणि मुलाखतींमध्ये त्याने ते उघड सांगितलं आहे. नुसतं सांगून थांबले नाहीत. २०१८ साली त्यांनी दलित, बहुजन, आदिवासी तरुणांनी सहायक दिग्दर्शक आणि लेखक म्हणून अर्ज करावेत, असं जाहीर आवाहन केलं. कानहून आलेल्या माणसाने दार उघडं ठेवलं.

आपण आज पाहिलेला चंदन पोलीस भरतीचा अर्ज खुल्या प्रवर्गातून भरतो. आडनाव विचारलं की 'कुमार' म्हणतो. तो प्रसंग चालू असताना या खोलीत कुणी हललं नाही. ज्या दोन मित्रांच्या खऱ्या घटनेवरून ही गोष्ट घेतली, ते मे २०२० मध्ये सुरतहून गावाकडे निघाले होते. एकाला वाटेतच ताप चढला, दुसरा त्याचं डोकं मांडीवर घेऊन रस्त्याकडेला बसून राहिला. त्याच महिन्यात आपल्या या शहरात काय झालं? बिल्डरांशी बैठक झाली आणि कर्नाटक सरकारने मजुरांच्या विशेष गाड्या रद्द करायला रेल्वेला कळवलं. टीका झाल्यावर त्या पुन्हा सुरू झाल्या. इमारती बांधणाऱ्यांना स्वतःच्या घरी जायलाही परवानगी लागत होती. तेव्हा आपण लॅपटॉप घेऊन पीजीमध्ये किंवा गावी बसलो होतो. आपला परतीचा प्रवास विमानाचा, त्यांचा पायी. पण आडनावाचा प्रश्न दोघांनाही विचारला जातो.

म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे. नाव लपवावं लागलं म्हणून कुणी कुणाला भित्रा म्हणू नये. इथे भाड्याचं घर जातं, टीममध्ये बोलणं बदलतं, हे आपल्याला ठाऊक आहे. पण लपवलं त्याची गोष्ट कुठेतरी सांगितली पाहिजे, नाहीतर आपल्या मागून येणाऱ्याला वाटेल की तो एकटाच आहे. मी आज माझी सांगितली.

दाराजवळ एक वही ठेवली आहे. मुलाखतीसाठी गावाकडून बंगळूरूला येणाऱ्या मुलामुलींना दोन रात्री राहायला जागा देऊ शकणाऱ्यांची यादी करतोय. खोली मागताना त्यांना दुसरं नाव सांगावं लागू नये. जमेल त्यांनी पूर्ण नाव लिहा. ज्यांना नुसतं पहिलं नाव लिहायचंय त्यांनी तसं लिहा, कुणी विचारणार नाही. पहिल्या ओळीवर मी माझं लिहिलंय, आडनावासकट.

जय भीम.