ट्रॉलीचा मागचा दिवा



ऊसतोडीच्या हंगामात चिकोडी, हुक्केरी, खानापूर या भागांतील रस्त्यांवर रात्री-अपरात्री भरलेल्या ट्रॉल्या चालतात. पुढे ट्रॅक्टरचे दिवे लखलखत असतात, मागे मात्र पुष्कळदा काळोखच असतो. मागून वेगाने येणाऱ्या मोटारसायकलस्वारास ती ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेक लावण्यास अवधी उरलेला नसतो. म्हणून आज या मागच्या दिव्याविषयीच बोलणार आहे.

ट्रॉलीला स्वतःची बॅटरी नसते. तिचे दिवे ट्रॅक्टरच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. हिशेब सोपा आहे. मागचे दोन दिवे प्रत्येकी ५ वॅटचे, ब्रेकचे दोन २१ वॅटचे आणि वळण दाखविणारा एक २१ वॅटचा, असे एकूण ७३ वॅट होतात. म्हणजे सुमारे ६ अँपिअर प्रवाह. दहा मीटर लांबीच्या बारीक तारेतून हा प्रवाह नेल्यास वाटेतच व्होल्टेज उतरते. बल्बचे व्होल्टेज दशांशाने घटले की त्याचा प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो. यास्तव दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची आणि अर्थिंगला अडीचची तांब्याची तार घालावी.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. जोडणीची लोखंडी पिनच परतीची वाट समजून काम भागविले जाते. परंतु तिच्यावर गंज, ग्रीस आणि चिखल साचतो, व ती वाट तुटते. ब्रेक दाबताच वळणाचे दिवेही मंद पेटू लागले, तर दोष बहुधा येथेच असतो. सात पिनांच्या प्रचलित सॉकेटमध्ये तिसरी पिन व पांढरी तार अर्थिंगसाठीच राखलेली असते. पिवळी डाव्या वळणाची, हिरवी उजव्या वळणाची, तांबडी ब्रेकची, काळी व तपकिरी मागच्या डाव्या-उजव्या दिव्यांची. हा क्रम सर्वांनी पाळला, तर कोणतीही ट्रॉली कोणत्याही ट्रॅक्टरला जोडता येईल.

फ्यूज बॅटरीजवळच असावा. तो उडाला म्हणून तेथे तांब्याची तार गुंडाळणे म्हणजे आगीला आमंत्रण होय. तार वळणावर ताणली जाणार नाही इतकी सैल, पण रस्त्याला घासणार नाही इतकी आवरलेली असावी. ट्रॉली सोडण्यापूर्वी प्लग काढावा. दोन ट्रॉल्या जोडल्या असतील, तर दिवे शेवटच्या ट्रॉलीला हवेतच; त्यांचा वाढीव भार तारेने व फ्यूजने पेलला पाहिजे. उसाच्या लोंबत्या वाढ्यांनी दिवा झाकला जात असेल, तर तो असून नसल्यासारखा आहे. दिवा बिघडला तरी उपयोगी पडावा म्हणून मागे तांबडे परावर्तकही लावावेत.

शिक्षकांनी एक बॅटरी व दोन बल्ब घेऊन अर्थिंगचा हा दोष वर्गात दाखवावा. अधिकाऱ्यांनी कारखान्याच्या फाटकातून ट्रॉली बाहेर पडताना दिव्यांची तपासणी करावी. चालकांनी निघण्यापूर्वी एकदा मागे जाऊन पाहावे. या कामास दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे कोणा अनोळखी माणसास सुखरूप घरी पोहोचवितील.