संघ गेला, शर्ट राहिला

(सिकंदराबाद येथील आपल्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



दरवर्षी या व्यासपीठावर विद्वान मंडळी बोलतात. मी रेल्वेच्या पर्मनंट वे खात्यातला साधा डिप्लोमा इंजिनिअर. माझा रोजचा संबंध रूळ, स्लीपर आणि खडीशी. त्यात आजचा विषय "बंद पडलेल्या खेळसंघांचे टी-शर्ट" असा फळ्यावर लिहिलेला पाहून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या, हे मी येताना पाहिले. पण थोडा वेळ द्या. विषय शर्टाचा असला तरी गोष्ट गावांची आहे.

आधी अमेरिकेची गोष्ट सांगतो, कारण या प्रकाराचे मूळ तिकडे आहे. आपल्याकडे क्रिकेट तसे तिकडे बेसबॉल. मोठ्या शहरांच्या संघांची एक 'मेजर लीग' आणि तिच्याखाली लहान गावांच्या संघांच्या अनेक 'मायनर लीग', अशी रचना. समजा, मुंबई-पुण्याच्या संघांखाली मिरज, जळगाव, लातूर अशा प्रत्येक गावाचा पगारी संघ असता, तसे. १९४९ साली अशा ५९ लीग होत्या, चारशेच्या वर संघ होते, आणि वर्षभरात सुमारे चार कोटी तिकिटे खपली. मग घरोघरी टेलिव्हिजन आला. मोठे सामने घरबसल्या दिसू लागले, आणि संध्याकाळी गावच्या मैदानावर जाणे कमी झाले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लीगची संख्या वीसच्या आसपास आली. शेकडो संघ गेले. ही छाटणी अलीकडेही झाली. २०२१ मध्ये मोठ्या संघांशी जोडलेल्या लहान संघांची संख्या १६० वरून १२० वर आणली गेली.

मोठे संघही सुटले नाहीत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागाचा 'डॉजर्स' हा संघ घ्या. याचे नाव आम्हा रुळावरच्या माणसांना आवडण्यासारखे आहे. १८९० च्या दशकात ब्रुकलिनमध्ये विजेच्या ट्राम धावू लागल्या. त्या चुकवत रस्ता ओलांडणारे लोक म्हणजे 'ट्रॉली डॉजर्स'. त्यावरून संघाचे नाव पडले. १९५५ साली या संघाने पहिल्यांदाच वर्ल्ड सिरीज जिंकली, आणि १९५७ चा हंगाम संपताच मालकाने संघ लॉस एंजेलिसला हलवला. १९६० मध्ये त्यांचे एबेट्स फील्ड हे मैदान पाडून तिथे इमारती उभ्या राहिल्या. लॉस एंजेलिसला ट्राम चुकवण्याचा काय संबंध? पण नाव गेले ते गेलेच.

सिएटलच्या 'पायलट्स'ची कथा तर गमतीची आणि करुण, दोन्ही. हा संघ १९६९ चा एकच हंगाम खेळला. पैसे संपले आणि १९७० च्या हंगामाला आठवडा राहिला असताना तो मिलवॉकीला गेला. नवे कपडे शिवायला वेळ नव्हता. मग 'पायलट्स' ही अक्षरे उसवून त्याच शर्टांवर 'ब्रुअर्स' शिवले. जुन्या अक्षरांच्या खुणा नव्या नावाच्या आजूबाजूला दिसत होत्या म्हणतात. आमच्याकडे जुन्या डब्यावर नवा रंग दिला तरी खालचे नाव पुसट दिसत राहते, त्याची आठवण झाली.

आता शर्टाकडे येतो. १९८८ मध्ये सिएटलच्या जेरी कोहेन नावाच्या गृहस्थांनी जुन्या पद्धतीच्या लोकरी फ्लॅनेल कापडाच्या बेसबॉल जर्सी शिवायला घेतल्या. कंपनीला नाव दिले 'एबेट्स फील्ड फ्लॅनेल्स', म्हणजे त्या पाडलेल्या मैदानाचेच. प्रसिद्ध संघांचे शर्ट सगळेच विकत होते. यांनी लोक विसरले होते अशा लहान लीगचे संघ निवडले. जुने फोटो आणि वर्तमानपत्रे पाहायची, अक्षराचे वळण, काठाचा रंग, बाहीवरचे चिन्ह शोधायचे आणि तसेच शिवायचे. पुढे याच कल्पनेचे स्वस्त रूप म्हणजे छापील टी-शर्ट. तो आज तिकडे चांगला धंदा आहे.

लोक हे का घालतात? एक कारण गावाचे नाव. कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड शहराचा 'व्हेलर्स' हा आइस हॉकीचा संघ १९९७ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाला गेला. न्यूयॉर्क आणि बोस्टन या दोन बड्या शहरांच्या मध्ये हार्टफर्ड, त्यामुळे सर्वोच्च लीगमधला तो एकच संघ म्हणजे त्या शहराची ओळख होती. त्यांचे बोधचिन्ह पीटर गुड यांनी १९७९ मध्ये काढले. खाली 'डब्ल्यू', वर व्हेल माशाची शेपटी, आणि दोहोंमधल्या रिकाम्या पांढऱ्या जागेत आपोआप 'एच' उमटतो. संघ जाऊन पंचवीस वर्षांच्या वर झाली, तरी हे चिन्ह विकले जाते. २०१८ च्या डिसेंबरात ज्यांनी संघ नेला त्या कॅरोलायनाच्या खेळाडूंनीच बोस्टनविरुद्ध व्हेलर्सचा जुना हिरवा शर्ट घालून सामना खेळला. हार्टफर्डच्या काही लोकांना आनंद झाला, काहींना जखमेवर मीठ चोळल्यासारखे वाटले. मला दोन्ही खरे वाटतात.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. पूर्वी काळ्या खेळाडूंना मेजर लीगमध्ये घेत नसत. म्हणून १९२० मध्ये रूब फॉस्टर यांनी कॅन्सस सिटीत निग्रो नॅशनल लीग स्थापन केली. होमस्टेड ग्रेज, कॅन्सस सिटी मोनार्क्स असे तिथले गाजलेले संघ. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळले आणि दार उघडले. ही फार मोठी गोष्ट. पण मग चांगले खेळाडू तिकडे गेले, प्रेक्षकही गेले, आणि १९६० च्या सुमारास काळ्यांच्या लीग संपल्या. चांगल्या बदलाची किंमत त्या संघांनी मोजली. १९९० मध्ये कॅन्सस सिटीत त्यांचे संग्रहालय निघाले. मेजर लीगने २०२० मध्ये या लीगना बरोबरीचा दर्जा दिला आणि २०२४ मध्ये आकडे एकत्र केले, तेव्हा ग्रेजचे जॉश गिब्सन ०.३७२ च्या सरासरीने सर्वकालीन पहिले ठरले. पण १९९० च्या आसपास बेसबॉलच्या या पानाची माहिती नसलेल्या कितीतरी लोकांनी ही नावे पहिल्यांदा कुणाच्या तरी शर्टावर वाचली असतील.

याला कायद्याचीही बाजू आहे. संघ बंद पडला की नावाचा मालक कोण? अमेरिकेच्या कायद्यात सलग तीन वर्षे वापर झाला नाही, तर मालकाने नाव सोडून दिले असे प्रथमदर्शनी मानतात. ब्रुकलिनच्या एका 'डॉजर' उपाहारगृहाविरुद्ध लॉस एंजेलिसच्या संघाने दावा लावला, तेव्हा १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने उपाहारगृहाच्या बाजूने निकाल दिला. आपल्याकडे १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्यात ही मुदत पाच वर्षांची आहे, आणि नाव रजिस्टरवरून काढायला कुणीतरी अर्ज करावा लागतो. तेव्हा छापण्यापूर्वी चौकशी करावी, हे तरुण मंडळींना आत्ताच सांगून ठेवतो.

आता आपल्या घरचे पाहू. आपण महाराष्ट्राबाहेरचे मराठी लोक, म्हणून पहिले नाव इंदूरच्या होळकर संघाचे. १९४१ ते १९५५ एवढेच त्याचे रणजी आयुष्य. तेवढ्यात चार वेळा विजेते आणि सहा वेळा उपविजेते! कर्नल सी. के. नायडू कर्णधार, मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर अशी माणसे. १९४५ च्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध इंग्लंडचे डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळले आणि नाबाद २४९ काढल्या, तरी सामना हरला. पुढच्याच हंगामात म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावा, एका डावात सहा शतके. संस्थान १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाले, तरी संघ होळकर नावानेच १९५५ पर्यंत खेळला. नंतर मध्य प्रदेश झाले आणि नाव मिटले. २०२२ मध्ये चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली मध्य प्रदेशने मुंबईला हरवून पहिली रणजी जिंकली, तेव्हा जुन्या लोकांना होळकर आठवले. इंदूरच्या स्टेडियमला होळकरांचे नाव आहे. मुलांच्या अंगावर मात्र तो शर्ट मी कधी पाहिला नाही.

आणि आपले हैदराबाद! सय्यद अब्दुल रहीम यांनी घडवलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने मुंबईचा रोव्हर्स कप १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा जिंकला. हेच रहीमसाहेब १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथ्या आलेल्या आणि १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक. २०२४ मध्ये 'मैदान' चित्रपट आला, तेव्हा आमच्या ऑफिसातल्या मुलांनी विचारले, "सर, हे खरंच आपल्या इथले होते?" ज्या गावात त्यांनी संघ उभा केला, त्या गावात हा प्रश्न पडतो.

तुळसीदास बलराम तर सिकंदराबादच्या अम्मुगुड्याचे. कारकिर्दीच्या शेवटी ते कोलकात्याच्या बीएनआर संघाकडून खेळले. बीएनआर म्हणजे बेंगाल नागपूर रेल्वे. ती कंपनी १९४४ मध्ये सरकारने घेतली, १९५२ मध्ये ईस्टर्न रेल्वेत गेली, १९५५ मध्ये साऊथ ईस्टर्न झाली. पण १९६० च्या दशकातही फुटबॉलच्या मैदानावर बीएनआर हेच नाव चालत होते. रेल्वेचे नाव बोर्डावरून गेले आणि खेळाडूंच्या छातीवर टिकले. २०२३ मध्ये बलराम गेले.

अलीकडचेही सांगतो. २००९ चे आयपीएल जिंकणारा डेक्कन चार्जर्स २०१२ मध्ये बंद झाला. फगवाड्याच्या जेसीटीने १९९६-९७ ची पहिली राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली होती, तो संघ २०११ मध्ये गुंडाळला. मुंबईच्या महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची लीग जिंकली, तोही काही वर्षांत बंद झाला. यातले अनेक संघ कंपनीचे किंवा खात्याचे. कंपनीने ठरवले की खर्च बंद, आणि दुसऱ्या दिवशी संघ नाही. प्रेक्षकांना कुणी विचारत नाही, कारण हिशेबाच्या वहीत प्रेक्षकाचा रकाना नसतो.

आमच्या खात्यात पूर्वी प्रत्येक वर्कशॉपचा, प्रत्येक डेपोचा संघ असे. एका निवृत्त खलाशी काकांकडे मी त्यांच्या शॉपच्या हॉकी संघाची जर्सी पाहिली. कॉलर विरलेली, पाठीवरचा आकडा हाताने शिवलेला. काकू म्हणाल्या, "अहो, दोनदा भांडीवालीला द्यायला काढली होती, यांनी परत कपाटात ठेवली." त्या संघाचा एकही फोटो कुठल्या ऑफिसात लावलेला नाही. ती जर्सी गेली की पुरावा संपला.

जुन्या रुळाच्या बाजूवर कारखान्याचे नाव आणि साल उठावाच्या अक्षरांत असते. रूळ साइडिंगला टाकला, कुंपणाचा खांब केला, तरी ती अक्षरे वाचता येतात. माणसांच्या संघाला तशी सोय नाही. कुणीतरी ती अक्षरे मुद्दाम उमटवावी लागतात.

इथे एक शंका रास्त आहे. काल एका तरुण मित्राने विचारले, "नुसती फॅशन होईल. अर्थ न कळता घालतील, त्याचा काय उपयोग?" खरे आहे, काही जण तसेच घालतील. पण नाव दिसले तर दहातला एक तरी विचारील, "हा कुठला संघ?" आणि सांगणारा जवळ असला तर गोष्ट पुढे जाईल. सांगणारे अजून आपल्यात बसले आहेत. पुढच्या दहा वर्षांत किती असतील, याचा हिशेब करायला मन धजत नाही.

म्हणून समितीला एक विनंती करतो. आपल्या कार्यकर्त्यांना दरवर्षी टी-शर्ट देतो, पाठीवर जाहिरातदाराचे नाव असते. ते असू द्या, त्यांच्या मदतीवर मांडव उभा राहतो. पण पुढच्या वर्षी छातीवर या परिसरातल्या एका जुन्या, बंद पडलेल्या संघाचे नाव छापू. रंग एकच ठेवला तर छपाईला एकच स्क्रीन लागेल, खर्च वाढणार नाही. आतल्या बाजूला दोन ओळींत संघाची माहिती. त्याआधी मुलांनी वहीपेन घेऊन आजोबांकडे जावे, फोटो मोबाइलवर उतरवावेत, मागे नावे आणि साल लिहून घ्यावे. कुठला संघ निवडायचा ते सभासदांनी ठरवावे. त्या संघाचा जो खेळाडू हयात असेल, त्याला पहिला शर्ट याच मंचावर द्यावा.



गणपती बाप्पा मोरया!