गोदामातल्या मुलांची विचारपूस



गोदाम म्हणजे काय, हे पूर्णा गावात सांगायची गरज नाही. मुंबईच्या जकात नाक्यांच्या बाहेर आणि नाशिक महामार्गाच्या हाताशी अशी ही जागा, म्हणून भाताच्या खाचरांवर पत्र्याच्या शेड चढल्या. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामं गेली नाहीत. उलट ती वाढली. उंच रॅक आले, हातात धरायचे स्कॅनर आले, आणि पाठीवर पोतं वाहणाऱ्या माणसाबरोबरच पडद्यावर बघून माल काढणारा मुलगाही लागू लागला. आज मला त्या मुलाबद्दल बोलायचं आहे.

त्याला शिकवायची सोयच नाही, असं नाही. २०१५ पासून प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आहे. २०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्याला महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८,०००, पदवीधराला १०,००० असं तिचं विद्यावेतन ठरलं. शिकाऊ उमेदवारीचा कायदा तर १९६१ चा. त्याच्या २०१९ च्या नियमांनुसार ठेकेदाराची माणसं धरून ३० किंवा त्याहून जास्त कामगार असतील, तर अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. म्हणजे पैसा आहे, वर्ग आहेत, प्रमाणपत्रही आहे. मग मुलगा मधेच गळाला, तर त्याच्या दारात जाऊन ‘काय रे, आला नाहीस?’ असं विचारायचं काम कुणाचं? ते कुणाच्याच गळ्यात नाही. मला वाटतं, असं विचारणारं माणूस हा प्रशिक्षणाचाच भाग आहे, आणि त्याची तरतूद पहिल्या दिवसापासून हवी.

मुलगा नेमका कुठे अडतो ते बघा. एका खोक्यात २४ नग. पॅलेटवर एका थरात १२ खोकी, असे ५ थर, म्हणजे १,४४० नग. मागणी आली १,००० नगांची. अख्खी खोकी किती आणि सुटे नग किती? ४१ खोकी आणि १६ नग. दहावी झालेल्या मुलाला हा भागाकार येत नाही असं नाही. पण गाडी दाराला लागलेली असते, सुपरवायझर मागून ओरडत असतो, आणि शाळेत गणिताची जी भीती बसली ती अजून उतरलेली नसते. तो ४२ खोकी देऊन मोकळा होतो. आठ नग जास्त गेले, बोलणी बसली. पुन्हा तसंच झालं की तो घरी बसतो आणि आईला सांगतो, ‘काम बंद झालं.’ आपण म्हणतो, आजकालच्या पोरांना कष्ट नकोत. त्या मुलाला कष्टाचं वावडं नव्हतं. संध्याकाळी तासभर मालाचं जुनं चलन पुढ्यात घेऊन कुणी त्याच्याजवळ बसलं असतं, तर तो टिकला असता.

हाताच्या कामातून गणित शिकवता येतं, हे आपल्याच महाराष्ट्रात करून दाखवलेलं आहे. हिंदुस्थान लिव्हरमधले शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला. शाळेत न रमलेली, नापास झालेली मुलं तिथे वेल्डिंग, बांधकाम, शेती करता करता मोजमाप आणि हिशेब शिकली. मुलं तिथे राहूनच शिकत, त्यामुळे अडलेलं विचारायला माणूस जवळ असे.

आणि खुद्द हमालीच्या धंद्यात ही रीत होतीच की! माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून ज्यांच्यासाठी १९६९ चा माथाडी कायदा आला, त्या माथाडींचं काम टोळीनं चालतं. टोळीत नवखा माणूस जुन्याच्या जोडीला असतो. ओझं कसं घ्यायचं, कंबर कशी सांभाळायची, मजुरीचा हिशेब कसा बघायचा, हे तो बरोबरीनं काम करता करता शिकतो. आज ठेकेदार मुलगा पाठवतो आणि त्याच्या जागी उद्या दुसरा पाठवतो. अशा ये-जा करणाऱ्यांत जोडी जमणार कशी? मला या बदलाची सर्वांत जास्त खंत वाटते.

परदेशात अशा सोबतीची सोय कायद्यानेच केली आहे. जर्मनीत कारखान्यात शिकणारा मुलगा अभ्यासात मागे पडला, तर त्याच्या शिकवणीचा आणि अडचणी सोडवणाऱ्या माणसाचा खर्च सरकारी रोजगार खातं उचलतं. अमेरिकेच्या २०१४ च्या कायद्यात तरुणांसाठी १४ प्रकारच्या सेवा सांगितल्या आहेत. शिकवणी आहे, प्रवासाला मदत आहे, निदान १२ महिने सोबत करणारं वडीलधारं माणूस आहे, आणि कार्यक्रम संपल्यावरही वर्षभर विचारपूस आहे. तिथेही सगळं सुरळीत चालतं असा माझा दावा नाही. पण नोकरी लागली की जबाबदारी संपली, असं त्या कायद्यानं मानलं नाही.

पूर्ण्यात सोबत करणारी माणसं आहेत. पंधरा-वीस वर्षं स्टॉक सांभाळून निवृत्त झालेले, रीच ट्रक चालवलेले, आवक-जावकचं रजिस्टर लिहिलेले किती तरी जण या सभागृहातच असतील. माझी अट एकच. जो हजेरी मांडतो, ज्याच्या शब्दावर मुलाची नोकरी टिकते, त्याला हे काम देऊ नका. त्याच्यापुढे मुलगा ‘मला येत नाही’ असं कधीच म्हणणार नाही.

गावातल्या मुलाला निदान काका-मामा तरी आहेत. लातूरहून, आझमगडहून येऊन पाच जणांत एक खोली घेऊन राहणाऱ्याला कोण आहे? सुरुवात त्याच्यापासून करा. पहिलं विद्यावेतन हातात येईपर्यंत रिक्षाभाड्याचे पैसे कुठून आणायचे, हा त्याचा प्रश्न साधा वाटतो, पण त्या पैशांपायीच तो काम सोडून जातो.

मुलींची अडचण वेगळी आहे. पिकिंग-पॅकिंगचं काम त्या चांगलं करतात, पण संध्याकाळची पाळी सुटल्यावर अंजूरफाट्यापर्यंत कसं जायचं, याचं उत्तर नसेल तर घरचे त्यांना पाठवत नाहीत, आणि त्यात घरच्यांना दोष देता येणार नाही. मेट्रो ५ च्या मार्गावर पूर्णा स्थानक धरलेलं आहे, पण मुलींना आजची पाळी करून आजच घरी पोहोचायचं आहे.

मग करायचं काय? आठवड्यातून दोन संध्याकाळी समाजमंदिर उघडं ठेवा. पहिल्या वर्षी दहा मुलंमुली पुरेत, आणि प्रत्येकाला एकेक ठरलेला दादा किंवा ताई द्या. जुनी चलनं गोदामांतून मागून आणू, हिशेब त्यांवरच शिकवू. मुलींच्या रिक्षाचा खर्च गोदामवाल्यांनी उचलावा असं मला वाटतं. तो मागायला जाणार असाल तर येत्या रविवारी सकाळी निघू, मी बरोबर येतो.